जगबुडी आणि ट्रॅक्टर

जगबुडीच्या मालिका बघाव्यात की नाही, हा वाद सध्या आमच्याकडे गोव्यात चांगलाच रंगलेला आहे. फोंड्यातल्या एका वाचनालयातल्या गप्पांत तो ऐकला, मग एका लग्नाच्या मांडवात ऐकला, आणि जत्रेच्या रात्री नाटक सुरू व्हायची वाट बघत बसलेल्या मंडळींतही ऐकला. एक पक्ष म्हणतो, पोरे रात्र रात्र मोबाइलला डोळे लावून मेलेली माणसे चालताना बघतात, ओस पडलेली शहरे बघतात, आणि सकाळी विचारतात की शिकून तरी काय करायचे. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, याला चाप लावा. दुसरा पक्ष खांदे उडवतो: करमणूक आहे, नको तर बघू नका. पहिल्या पक्षात बहुतेक निवृत्त शिक्षक, दुसऱ्यात त्यांचेच माजी विद्यार्थी. मौज अशी की एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. या मालिका फार भयंकर असतात, हे दोघेही धरून चालतात. मला नेमके तेच मान्य नाही. माझ्या मते त्या पुरेशा भयंकर नसतात, कारण त्या भलत्याच गोष्टीची भीती घालतात. जग बुडाले की शेजारी लांडगा होतो, हे त्या पुन्हा पुन्हा बजावतात. पण जग प्रत्यक्षात बुडते ते वेगळ्याच रीतीने. कोणीतरी करायचे रोजचे काम एक दिवस होत नाही, दुसऱ्या दिवशीही होत नाही, आणि ते का झाले नाही हे विचारणाराही उरत नाही. त्या बाजूला कॅमेरा क्वचितच वळतो.

आधी चाप लावू पाहणाऱ्यांचे बघू. त्यांना गोव्यातलाच एक दाखला देता येईल. 1543 साली जुन्या गोव्यात मोडशीची, म्हणजे पटकीची भयानक साथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने ती लिहून ठेवली आहे. माणसे इतकी मरू लागली की चर्चच्या घंटा दिवसभर वाजत राहिल्या, आणि लोकांत घबराट पसरू नये म्हणून गव्हर्नरने मेलेल्यांसाठी घंटा वाजवायलाच मनाई केली. गव्हर्नर होता मार्तिम आफोंसो द सौझा. घंटा थांबल्या, साथ थांबली नाही. पण याच गव्हर्नरने आणखी एक हुकूम सोडला होता, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. इस्पितळात या रोगाने एक माणूस दगावला तेव्हा त्याने सगळ्या वैद्यांना एकत्र बोलावून प्रेत उघडून बघायला लावले. पोट आक्रसून होरपळलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले होते, एवढेच त्यांना दिसले. कारण काही सापडले नाही. तरी त्यांनी बघितले. वीस वर्षांनी, 1563 मध्ये, गोव्यातच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ताने याच रोगाची लक्षणे तपशिलाने मांडली. एकाच माणसाचे हे दोन हुकूम. संकटाबद्दल बोलू नका, हा एक. संकटाचे पोट फाडून आत काय आहे ते बघा, हा दुसरा. जगबुडीच्या मालिकेने यातला दुसरा हुकूम पाळावा एवढेच माझे म्हणणे आहे. बंदीवाले पहिल्याच हुकमाला चिकटून बसले आहेत.

घंटा बंद करण्याचा मोह काही सोळाव्या शतकाबरोबर संपला नाही. 1965 मध्ये बीबीसीने पीटर वॉटकिन्सकडून ‘द वॉर गेम’ हा अणुयुद्धावरचा चित्रपट करून घेतला आणि तो फारच भयानक आहे असे ठरवून दाखवलाच नाही. चित्रपटगृहांतून दाखवल्या गेलेल्या त्याच चित्रपटाला उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले. दूरचित्रवाणीवर तो आला 1985 मध्ये, वीस वर्षांनी. या वीस वर्षांत अण्वस्त्रे कमी झाली असे म्हणणारा अजून मला भेटायचा आहे. उलट जेव्हा दाखवले गेले तेव्हा काय झाले? 20 नोव्हेंबर 1983 रोजी अमेरिकेत ‘द डे आफ्टर’ प्रसारित झाला. कॅन्सस सिटी आणि लॉरेन्स ही साधी गावे त्यात अणुस्फोटात सापडतात. सुमारे दहा कोटी लोकांनी तो त्या रात्री पाहिला. अध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता, आणि त्याने आपण अतिशय खिन्न झालो असे रोजनिशीत लिहिले होते. चारच वर्षांनी त्यांनी गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढण्याचा करार केला. एका चित्रपटामुळे करार झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण खिन्न झालेला माणूस निष्क्रिय होतो हा जो शिक्षकपक्षाचा मुख्य मुद्दा, त्याला हे उदाहरण पुरेसे आहे.

माझ्या मते या साऱ्या प्रकारातली सर्वांत मोठी कामगिरी मात्र ‘थ्रेड्स’ या अणुहल्ल्यावरच्या फिल्मची. सप्टेंबर 1984 मध्ये बीबीसीने ती दाखवली, लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन, आणि गाव शेफील्ड, पोलादाचे कारखाने असलेले. हल्ल्याआधीच नगरपालिकेचा मुख्य अधिकारी आणि त्याचे सहकारी टाउन हॉलच्या तळघरात जाऊन बसतात. त्यांच्याकडे नकाशे आहेत, दूरध्वनी आहेत, कोणत्या प्रसंगी कोणी काय करायचे याची योजना आहे. हल्ला होतो, वरची इमारत कोसळते आणि बाहेर पडायची वाट बंद होते. त्यानंतर ही माणसे जे करतात ते बघताना माझ्या अंगावर काटा आला होता: ती भांडतात. धान्य कोणाला द्यायचे, इंधन कुठे आहे, अमुक खात्याचा माणूस का बोलत नाही. हवा कमी होत जाते, संपर्क तुटत जातात, सिगारेटी संपतात. शेवटी कोणीतरी ढिगारा उपसून आत पोहोचते तेव्हा सगळे मेलेले असतात. त्या तळघरात खलनायक नाही, बंदुकीची चकमक नाही. एक नगरपालिका मरते, आणि ती मेली की गाव म्हणजे नेमके काय होते हे कळायला लागते. पुढे लोकसंख्या मध्ययुगातल्या पातळीवर येते, आणि हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुलांना धड बोलताही येत नाही. शिकवणारे कोणी नसले की भाषासुद्धा जाते. आमच्या निवृत्त शिक्षकांनी खरे तर ही बघायला हवी. त्यांच्या पेशाची एवढी मोठी भलावण मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता गेल्या पंधरा वर्षांतला माल बघा. ‘द वॉकिंग डेड’ 2010 ते 2022 चालली. 11 हंगाम, 177 भाग. पहिल्या काही भागांतच चालती प्रेते म्हणजे पावसासारखी नेहमीची बाब होऊन जातात, आणि खरा शत्रू ठरतो तो पलीकडच्या वस्तीतला माणूस. हंगाम बदलतो, वस्ती बदलते, तिथला नवा हुकूमशहा येतो. धडा मात्र बदलत नाही. फाटकाशी आलेल्या अनोळखी माणसावर विश्वास टाकलात की मेलात. 2023 ची ‘द लास्ट ऑफ अस’ लिखाणात कितीतरी सरस आहे. तिचा तिसरा भाग, दोन पुरुषांच्या सुमारे सोळा वर्षांच्या संसाराचा, मी पुन्हा बघेन. पण तो संसारसुद्धा विजेच्या कुंपणाच्या, सापळ्यांच्या आणि बंदुकांच्या आत फुलतो. कुंपण घालणारा बरोबर होता, हे मालिकेने तिथेही मान्य करून टाकलेले असते. मालिका बघणाऱ्याच्या मनात प्रेतांची भीती राहत नाही, कारण प्रेते चालत नाहीत हे त्याला पक्के माहीत आहे. शेजारी मात्र चालतो, आणि तो रोज दिसतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, नाटकाला संघर्ष लागतो. सगळे एकमेकांना पेज वाढत बसले तर बघणार कोण? खरे आहे. जत्रेतल्या दशावतारातसुद्धा संकासुर आला की लहान पोरे जागी होतात. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: माणसे खरोखरच लांडगे होतात, मालिका काही कल्पनेतून बोलत नाहीत. यालाही पुरावा आहे, आणि तो दूर शोधायला नको. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीचे पहिले काही दिवस गोव्यात किराणा दुकानेही बंद होती. सामान घरपोच येईल असे सांगण्यात आले होते, ते बहुतेकांकडे आले नाही. त्या दिवसांत कित्येक गावांनी वेशीवर दगड आणि झाडांचे ओंडके टाकून रस्ते अडवले. बाहेरचा कोणी नको. हे दृश्य हुबेहूब मालिकेतले होते, आणि त्यात ओळखीचे चेहरे होते. देशात कोरोनाने गेलेल्यांच्या अंत्यविधीलाही लोकांनी विरोध केला, हेही आपण वाचले आहे. युरोपात काळ्या मृत्यूच्या वेळी, 14 फेब्रुवारी 1349 रोजी, स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. तेव्हा माणूस मूळचा सज्जन आहे, असले काही सांगायला मी बसलेलो नाही.

पण स्ट्रासबुर्गचा तपशील नीट बघा. ज्या दिवशी ज्यूंना जाळले त्या दिवसापर्यंत प्लेग त्या शहरात पोहोचलेलाच नव्हता. तो आला नंतर. म्हणजे रोगाने माणसांना लांडगे केले नव्हते. रोगाबद्दलच्या गोष्टीने केले होते, विहिरीत विष कालवणाऱ्या शेजाऱ्याच्या गोष्टीने. आणि हे काम बिथरलेल्या एकट्यादुकट्याचे नव्हते. नगराची जी परिषद ज्यूंना वाचवू पाहत होती ती आधी उलथवण्यात आली, नवी बसवण्यात आली, आणि मग हत्याकांड झाले. व्यवस्था कोसळली म्हणून ते घडले नाही. व्यवस्था बदलून ते घडवले गेले. हाच धागा थेट आपल्या काळापर्यंत येतो. ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडाले तेव्हा तिथल्या स्टेडियममध्ये खून आणि बलात्कार चालले आहेत अशा बातम्या जगभर गेल्या. बहुतेक अफवा निघाल्या. त्याच दिवसांत, 4 सप्टेंबरला, डॅन्झिगर पुलावरून चाललेल्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघे ठार झाले, चौघे जखमी झाले. गोळ्या झाडणारे लुटारू नव्हते, पोलीस होते, आणि पुढे न्यायालयात त्यांच्यावर गुन्हे शाबीत झाले. संकटात माणसे कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी, विशेषतः एन्रिको क्वारांतेली यांनी, अनेक दशके हेच दाखवून दिले की सामान्य माणसांची पळापळ आणि लुटालूट ही बरीचशी दंतकथा असते. पहिला मदतीचा हात जवळपास नेहमी शेजाऱ्याचाच असतो, सरकारी गाडी नंतर येते. मग करमणूकवाल्या पक्षाला मी विचारतो: लोक लांडगे होणार हे ज्या अधिकाऱ्याच्या डोक्यात पक्के बसले आहे, तो पुलावर माणसे दिसली की आधी काय काढेल, पाण्याची बाटली की पिस्तूल? आणि हे त्याच्या डोक्यात बसवले कोणी? सगळे मालिकांनी बसवले असे नाही. पण ‘नुसती करमणूक’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आपल्याकडचे उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, फक्त आपण ते अर्धेच सांगतो. 1897 चा पुण्याचा प्लेग म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? रँड, घराघरांत घुसणारे सोजीर, गणेशखिंड, 22 जूनची रात्र, चापेकर बंधू. मालिका काढायची तर हेच निघेल, आणि त्यात काही गैर नाही. सत्तेने साथीच्या नावाखाली माणसांना कसे वागवले याची ती गोष्ट आहेच. पण त्याच प्लेगमध्ये, त्या रात्रीच्या तीन महिने आधी, 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. पोर जगले असे चरित्रकार सांगतात. बाईंना प्लेग झाला. त्या तेव्हा पासष्ट-सहासष्ट वर्षांच्या होत्या. आता सांगा, संघर्ष कुठे कमी आहे? म्हातारी बाई, अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतले पोर, संसर्गाची खात्री आणि पायी तोडायचे अंतर. नाटकाला लागते ते सगळे यात आहे, एक बंदूक सोडली तर. म्हणजे मालिकावाल्यांना संघर्ष हवा असतो हे अर्धसत्य झाले. त्यांना सोपा संघर्ष हवा असतो.

राहिला ‘पाश्चात्त्यांचे खूळ’ हा मुद्दा. आपल्या परंपरेत असली निराशा नाही, आपल्याकडे प्रलयानंतर नवे युग येते, असे वाचनालयातले एक गृहस्थ ठासून सांगत होते. त्यांना महाभारतातल्या मौसलपर्वाची आठवण करून द्यावीशी वाटली. यादवांचा शेवट बाहेरच्या शत्रूने केलेला नाही. शाप मिळतो, मुसळाचे चूर्ण करून समुद्रात टाकतात, द्वारकेत दारूबंदीचा फतवाही निघतो. कोणी दारू गाळली तर सुळावर चढवू असा तो फतवा. (दारूबंदी यादवांनाही जमली नाही, तेव्हा गोवेकरांनी वाईट वाटून घेऊ नये.) मग प्रभासक्षेत्री सगळे पितात, सात्यकी आणि कृतवर्मा जुन्या युद्धातली उणीदुणी काढतात, आणि किनाऱ्यावरच्या लव्हाळ्याचीच मुसळे होतात. समुद्र द्वारका गिळतो. उरलेल्या बायकामुलांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात आणि गांडिवाला प्रत्यंचा चढवतानाच त्याची दमछाक होते. याहून काळोखी जगबुडी कोणत्या मालिकेत आहे ते मला दाखवा. पण व्यास तिथे थांबत नाहीत, आणि इथेच ते सगळ्या मालिकावाल्यांच्या पुढे जातात. कृतवर्म्याच्या मुलाला मार्तिकावतात वसवले, सात्यकीच्या मुलाला सरस्वतीच्या काठी, कृष्णाच्या पणतूला, वज्राला, इंद्रप्रस्थ दिले, असे ते सरळ सांगतात. जगाचा अंत झाल्यावर पुनर्वसनाची यादी! महाकाव्यात ती रुक्ष वाटते. मला मात्र वाटते, जग बुडणे म्हणजे काय हे ज्याला खरोखर कळले आहे त्यालाच ती लिहावीशी वाटेल.

पुनर्वसन म्हटले की गोव्यात कुर्डीचे नाव निघणारच. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गानतपस्विनी मोगूबाईंचे आडनाव याच गावावरून आले. 1980 च्या दशकात माणसे उठवून वाडे आणि वालकिणी या गावांत नेली. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला त्या धरणाचे पाणी मिळते; जे उठले त्यांच्या वाट्याला उन्हाळ्यात टँकर आल्याचेही आपण वाचले आहे. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरते, जोती, विहिरी, तुळशीवृंदावने वर येतात, आणि गावकरी सोमेश्वरापाशी जमतात, आपापली घरे कुठे होती ते नातवंडांना दाखवतात. एका गावाचे जग संपले, आणि त्याला ना स्फोट होता ना साथ. भूसंपादनाच्या नोटिसा होत्या. जुन्या गोव्याचेही तसेच. साथींनी शहर पोखरले, 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आले, 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे हलली. ऑगस्टिनियन मठाचे चर्च 1835 मध्ये सोडून दिले, 1842 मध्ये त्याचे छत कोसळले, दर्शनी भाग पडला तो थेट 1931 मध्ये. आज तिथे मनोऱ्याचा अर्धा भाग उभा आहे. ओसाड शहराची पाटी टाकण्यासाठी मालिकेला दोन सेकंद लागतात. इथे एका छपराला आणि एका भिंतीला मिळून जवळपास शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत दरवर्षी कोणीतरी कौले बदलायची होती आणि बदलली नाहीत.

खाजन शेतीकडे बघितले तर हेच आज, डोळ्यांदेखत चाललेले दिसेल. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध, भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानस, आणि त्यांची डागडुजी करायला बांधील असलेली गावकी: या तीन गोष्टींवर समुद्राच्या पातळीखालची भातशेती शतकानुशतके उभी राहिली. बांधाला भगदाड पडले आणि त्याच हंगामात बुजवले नाही की पुढच्या वर्षी खारवट जमीन, त्यापुढे कांदळ, आणि मग एखाद्या दिवशी ‘पडीक जमीन’ म्हणून कागदावर नोंद. हे बघायला ड्रोन लागत नाही, राजपत्र लागते. नगरनियोजन कायद्याच्या 39-अ कलमाखाली निघणाऱ्या झोनबदलाच्या, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलणाऱ्या, अधिसूचना मी जगबुडीचे संहितालेखन म्हणून वाचतो. गंमत म्हणजे बाहेरच्यांच्या मनातला गोवा नेमका उलटा आहे. कोरोनानंतर दिल्ली-मुंबईहून लोक इथे घरे घ्यायला धावले ते जग बुडालेच तर निदान इथून बघता येईल म्हणून. 2013 मध्ये ‘गो गोवा गॉन’ हा चालत्या प्रेतांचा विनोदी हिंदी चित्रपट आला होता. त्यात गोव्याजवळच्या बेटावर जगबुडी होते ती मुंबईहून सुटीला आलेल्या पोरांची, आणि त्यांना वाचवायला येतो तो रशियन असल्याचे सोंग घेतलेला दिल्लीकर. गोवेकराला आपल्या भूमीवर साधे प्रेत होण्याचीही संधी मिळाली नाही म्हणा ना.

आणि आमच्या वाट्याला खरी जगबुडी आली तेव्हा ती कशी दिसली? मे 2021. राज्यातल्या सर्वांत मोठ्या सरकारी इस्पितळात रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान ऑक्सिजनचा दाब पडत होता आणि माणसे मरत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे त्याची सुनावणी चालली. ऑक्सिजन का कमी पडतो, या प्रश्नाला आलेल्या उत्तरात एक ट्रॅक्टर होता. सिलिंडरांची ट्रॉली ओढून आणणारा ट्रॅक्टर वळवून लावण्यात अडचणी येतात, मग सिलिंडर मुख्य नळीला जोडायचे, त्यात खंड पडतो आणि दाब उतरतो. एवढेच. नंतर तिथे द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी बसवण्यात आली. त्याच आठवड्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, झाडे तारांवर कोसळली, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्या रात्रींमध्ये लांडगे कुठे होते? कोयता घेऊन रस्त्यावरचे झाड तोडणारे शेजारी होते. कोणाच्या घरी जनरेटर असेल तिथे वाड्यावरचे मोबाइल चार्ज होत होते. सिलिंडर कुठे मिळेल याचे फोन ओळख नसलेली माणसे एकमेकांना करत होती. वेशीवर दगड टाकणारी गावे ती हीच, हे विसरून चालणार नाही. मार्च 2020 आणि मे 2021 या दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. मालिकांनी पहिली तेवढी उचलली.

भारतीय मालिकांनी हा रस्ता अगदीच धरलेला नाही असे नाही. 2023 ची ‘काला पानी’ अंदमानात घडते. बेटावर साथ येते, ती पाण्यातून पसरते, आणि गोष्टीचा मोठा भाग नायब राज्यपालांच्या कचेरीत आणि इस्पितळात चालतो. आशुतोष गोवारीकरांनी त्या राज्यपालाचे काम केले आहे, आणि मोजक्या माणसांचा बळी देऊन बाकीच्यांना वाचवायचे का, हा प्रश्न तिथे फाइलीसारखा टेबलावर येतो. मला तिचे सगळे पटले नाही. शेवटाकडे ती पसरट होते. पण पाण्याच्या नळापाशी थांबून विचार करायची तिची तयारी आहे. बेटावरचे राज्य, पर्यटक, पाणी: गोव्यातल्या माणसाला ती परकी वाटूच नये.

आता उरतो तो तरुण मित्रांचा शेवटचा प्रश्न. खाजनाच्या बांधाची आणि ऑक्सिजनच्या ट्रॉलीची मालिका काढली तर ती बघणार कोण? त्यांना मी ‘चेर्नोबिल’ दाखवतो. 2019 मध्ये आलेले पाच भाग, जगभर लोकांनी श्वास रोखून बघितले. त्यातला बराच वेळ माणसे बैठकीत बसून हे शक्यच नाही असे एकमेकांना सांगत असतात, आणि शेवटच्या भागाचा कळस म्हणजे एक शास्त्रज्ञ न्यायालयात उभा राहून लाल आणि निळ्या पाट्या सरकवत अणुभट्टी कशी चालते ते समजावतो. चालती प्रेते नाहीत, टोळ्या नाहीत. एका रात्रीच्या पाळीत कोणी कोणते बटण का दाबले, एवढ्यावर लोक खिळून राहिले. तेव्हा प्रेक्षक नाही ही सबब निर्मात्यांनी सांगू नये. आपल्याकडे कलाकार आहेत, जत्रांत पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक आहे, मे 2021 चे न्यायालयीन आदेश जाहीर आहेत आणि ट्रॅक्टर भाड्याने मिळतो.